वार्धक्य आणि परगृहवास

मनुष्याच्या आयुष्याचे चार भाग पाडून तिसऱ्या भागांत त्यानें घर सोडावें असें आमच्या धर्मशास्त्रकारांनीं सांगितलें, ही गोष्ट आपण वारंवार अभिमानानें सांगतों. परंतु तिचा अर्थ फारसा मनावर घेत नाहीं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीं असा विधि आहे कीं, अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचें मुख दिसलें म्हणजे गृहस्थानें अरण्याचा आश्रय करावा. लागलीच पुढें पत्नीविषयीं एक विकल्प दिला आहे : तिला पुत्रांच्या स्वाधीन करावें, अथवा बरोबर न्यावें. म्हणजे पुरुषानें आपण होऊन घर सोडावयाचें आणि स्त्रीनें कोठें राहावयाचें हें मात्र दुसऱ्यानें ठरवावयाचें. महाविद्यालयांत असतांना हा विकल्प आम्हीं वाचला तेव्हां त्यांत आम्हांस कांहींच विशेष वाटलें नव्हतें. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या ८४ वर्षांच्या मातुःश्रींना घेऊन पुण्याच्या एका उपनगरांतील लहानशा वृद्धनिवासाच्या फाटकांत आम्ही उभे राहिलों, तेव्हां तो एकाएकीं आठवला. आणि पुत्रांच्या स्वाधीन केलेल्या स्त्रीला पुत्र पुढें कोणाच्या स्वाधीन करूं पाहात आहे, याची थोडी लाजहि वाटली.

ती लाज कितपत योग्य होती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'वृद्धाश्रम' या शब्दाला मराठी कानांत एक विशिष्ट ध्वनि आहे. शिरवाडकरांचें 'नटसम्राट' १९७० सालीं रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून तर म्हातारे आईबाप म्हटले कीं कृतघ्न मुलें आणि घराबाहेरची पायरी एवढेंच चित्र आमच्या सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याच्या पुढचें चित्र म्हणजे एक लांबच लांब दालन, त्यांत ओळीनें मांडलेल्या लोखंडी खाटा, आणि कोणाच्या तरी वाढदिवसानिमित्त केळीं वाटावयास येणारी व वाटतांना छायाचित्र काढून घेणारी मंडळी. ज्या घराविषयीं आम्ही लिहीत आहों तें असें नव्हे. तो एक जुना दुमजली बंगला आहे. खालच्या मजल्यावर पांच खोल्या. त्यांत नऊ वृद्ध, सात बायका व दोन पुरुष. दिवसा दोन मावश्या, रात्रीं एक; स्वयंपाकाला एक बाई; सकाळीं सिस्टर येऊन रक्तदाब व साखर पाहून जातात, आणि आठवड्यांतून दोनदां डॉक्टर येतात. येथें राहणारीं माणसें आजारी नाहींत आणि धडधाकटहि नाहींत. त्यांना अंघोळीला हात द्यावा लागतो, गोळ्यांची आठवण द्यावी लागते, जिन्याची भीति वाटते, रात्रीं उठलें तर दिव्याचें बटण सांपडत नाहीं. रुग्णालय व घर यांच्यामधली ही अवस्था आहे, आणि ती पांच वर्षें टिकेल कीं पंधरा, हें कोणालाहि सांगतां येत नाहीं.

आम्ही त्या फाटकापर्यंत कसे पोंचलों तें सांगणें प्राप्त आहे. दीड वर्षापूर्वीं मातुःश्री न्हाणीघरांत घसरल्या. खुब्याचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली, हातांत काठी आली. त्यानंतर आमच्या घरचा दिवस त्यांच्या भोंवतीं फिरूं लागला. 'आमच्या घरचा' हे शब्द आम्हीं मोठ्या सफाईनें लिहिले. वस्तुतः फिरूं लागला तो आमच्या पत्नीचा दिवस. ती शाळेंत शिकविते, तिला पाठीचें दुखणें आहे, आणि तिलाहि पंचावन्नावें वर्ष लागलें आहे. पहाटे पांचला उठून सासूबाईंना न्हाणीघरांत नेणें, त्यांचें सर्व उरकून मग आपलें आवरणें, शाळेच्या मधल्या सुटींत घरीं फोन करणें, रात्रीं दोनदां उठणें, हें ती करी. आम्ही काय करीत होतों? आम्ही औषधें आणीत होतों, ब्यूरोला फोन करीत होतों, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत होतों कीं, आईला आम्ही घरींच सांभाळतों. ब्यूरोच्या बायका बारा बारा तासांच्या पाळीनें येत. सहा महिन्यांत सात जणी झाल्या. टोरांटोस असलेले आमचे धाकटे बंधु दर रविवारीं दूरध्वनीवरून बजावीत कीं, कांहीं झालें तरी आईला बाहेर ठेवावयाचें नाहीं. या बाबतींत एक नियम आमच्या पाहण्यांत आला आहे : मुलगा जितका दूर, तितका त्याच्या मातृभक्तीचा आग्रह कडक.

एकत्र कुटुंबाची थोरवी गाणारे लेख आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. खोटें कशाला बोला, एकदोन लिहिलेहि आहेत. त्यांतील वाक्यांचा कर्ता सदैव 'कुटुंब' हा असतो. कुटुंब वृद्धांची सेवा करी, कुटुंब त्यांना आधार देई, वगैरे. जुन्या मराठींत कुटुंब म्हणजे बायको, हा अर्थ ध्यानांत घेतला तर हीं वाक्यें अक्षरशः खरीं आहेत. पुत्रधर्माचें ओझें स्नुषेच्या पाठीवर ठेवून पुत्रानें धन्य व्हावें, ही आमची पिढ्यान् पिढ्यांची रीत. तेव्हां वृद्धनिवासाची तुलना करावयाची ती पुस्तकांतल्या घराशीं नव्हे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, दोन नोकरदार माणसांच्या, दुपारभर कुलूप असणाऱ्या चार खोल्यांशीं ती केली पाहिजे.

येथें कोणी विचारील कीं, ऋण हें ज्याचें त्यानेंच फेडावयाचें असतें; पैसे देऊन दुसऱ्याकडून फेडून घेतलेली सेवा ही सेवाच नव्हे. हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं. पुंडलिकाची कथा महाराष्ट्राच्या हाडींमासीं खिळली आहे ती यासाठींच. साक्षात् देव दारीं आला असतां त्यानें त्यास विटेवर थांबविलें आणि आईबापांचे पाय चुरणें सोडलें नाहीं. तेथें दुसरा कोणी नेमलेला नव्हता. हात पुंडलिकाचेच होते. या कसोटीला आम्ही उतरत नाहीं, हें उघड आहे. परंतु आमच्या मातुःश्रींनीं एके दिवशीं जें सांगितलें त्यानें या प्रश्नाची दुसरी बाजू आम्हांस दिसली. त्या आमच्या पत्नीला म्हणाल्या, "तूं मला अंघोळ घालतेस तेव्हां माझी मान खालीं जाते गं. ब्यूरोची बाई घालते तेव्हां नाहीं जात. तिला आपण पैसे दिलेले असतात." आमची पत्नी दुखावली गेली, पण आम्हांस वाटतें, त्या बोलण्यांत तिचा अपमान नव्हता. ज्या सुनेवर चाळीस वर्षें नव्हे तरी तीस वर्षें आपला अधिकार चालला, तिच्यापुढें उघडें होऊन बसणें त्यांना जड जात होतें. सेवा करणाऱ्याच्या पुण्याचा हिशेब आपण फार ठेवतों. सेवा घेणाऱ्याची मान कोठें असते, तिकडे आपलें लक्ष जात नाहीं. शरीराचीं कांहीं कामें परक्याच्या हातून करून घेणेंच सोपें असतें, आणि तीं परक्यानें केलीं म्हणजे मुलाला व सुनेला नुसतें शेजारीं बसण्यास वेळ उरतो. उरलेला वेळ तीं खरोखरच शेजारीं बसण्यांत घालवितात कीं नाहीं, हा मात्र ज्याचा त्यानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न आहे.

घरच्या वार्धक्याचें सर्वांत सुंदर चित्र अलीकडे आम्हीं पाहिलें तें एका अमेरिकन शस्त्रवैद्याच्या इंग्रजी ग्रंथांत. अतुल गावंडे यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकांत आपले आजोबा सीताराम गावंडे यांची हकीकत दिली आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील उटी या गांवीं ते शंभरीच्याहि पुष्कळ पलीकडे जगले. उतारवयांतहि रात्रीं घोड्यावर बसून शेताला फेरी मारीत, आणि घरांतील कोणतीहि गोष्ट त्यांस विचारल्याशिवाय होत नसे. हें वाचून आमचे कित्येक मित्र गहिंवरले. आम्हीहि गहिंवरलों, पण आम्हांस त्यांतील घोडा व शेत हीं अधिक महत्त्वाचीं वाटलीं. त्या वृद्धाच्या हातीं कांहीं तरी उरलें होतें. आमच्या मातुःश्रींच्या हातीं काय उरलें होतें? दूरदर्शनचा रिमोट, आणि तोहि नातू घरीं नसेल तेव्हां. घरांत राहिलेला वृद्ध म्हणजे घरांत मानाचें स्थान असलेला वृद्ध, असें समीकरण मांडणें ही आपली आपणच केलेली फसवणूक होय.

आतां लहानपणाचा, म्हणजे निवासाच्या आकाराचा प्रश्न. आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयींचा कायदा आपल्याकडे २००७ सालीं झाला. प्रत्येक जिल्ह्यांत आरंभीं निदान एक, आणि त्यांत निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्य सरकारला काढतां येतील, असें त्यांत आहे. निराधारांसाठीं कांहींच नसण्यापेक्षां हें चांगलें, यांत शंका नाहीं. पण दीडशें हा आंकडा पाहूनच लोखंडी खाटांची ओळ डोळ्यांसमोर येते. इंग्लंडनें हा रस्ता आधीं चालून पाहिला आहे. तेथें १९४८ सालीं नवा कायदा होऊन जुन्या वर्कहाउसांचा वारसा मोडावयाचें ठरलें, आणि त्यावेळचे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या मनांत पंचवीसतीस माणसांचीं लहान घरें होतीं. पुढें पीटर टाउन्सेंड या समाजशास्त्रज्ञानें १७३ संस्थांची पाहणी करून १९६२ सालीं ग्रंथ लिहिला, तेव्हां जुन्या वर्कहाउसांच्या इमारती अजून वृद्धांनीं भरलेल्याच होत्या. जपानांत २००० सालीं दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला. तेथें स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सामायिक घरांत एका गटांत पांचापासून नवापर्यंतच माणसें ठेवतात. अमेरिकेंत मिसिसिपी संस्थानांतील ट्युपेलो या गांवीं २००३ सालीं बिल टॉमस या वैद्याच्या कल्पनेनुसार जीं घरें उघडलीं, त्यांतहि एका घरांत दहाबारा माणसें आणि मध्यें उघडें स्वयंपाकघर अशी रचना होती. दोन खंडांतील माणसें निरनिराळ्या वाटांनीं एकाच आंकड्याच्या आसपास आलीं, हें आम्हांस लक्षणीय वाटतें. सुमारें दहा माणसांपर्यंत कोणाला भाजींत गूळ लागतो आणि कोणाला दुपारीं झोप येत नाहीं, हें एका बाईच्या ध्यानांत राहूं शकतें. पन्नासांच्या पुढें त्याची वही करावी लागते, आणि वही आली कीं गूळ सर्वांच्या भाजींत तरी पडतो किंवा कोणाच्याच पडत नाहीं.

बंगल्यांत आम्ही प्रथम गेलों तेव्हां अकराचा सुमार होता. फोडणीचा वास येत होता. एक आजी मटार सोलीत बसल्या होत्या. त्यांतले निम्मे त्या खात होत्या, आणि मावशी त्यांना कांहीं म्हणत नव्हती. या एका दृश्यानें आमचें निम्मे मत झालें, हें आम्ही कबूल करतों. पण निम्मेच.

कारण लहानपणाचे तोटेहि लहानपणांतूनच निघतात, आणि ते फाटकांतून दिसत नाहींत. पुढें चारपांच वेळां मुद्दाम अवेळीं गेल्यावर ते आम्हांस दिसले. गौरीगणपतीला दोन मावश्या एकदम गांवीं गेल्या, आणि तीन दिवस नऊ माणसांचा भार एका बाईवर व मालकीणबाईंच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलीवर पडला. मोठ्या संस्थेंत दोन माणसें गेलीं तर कोणास कळतहि नाहीं. येथें घराचे दोन खांबच निघाले. दुसरें, माणसामाणसांचें जमणें. दीडशें लोकांत एकाशीं बिनसलें तर दुसऱ्याशीं बोलतां येतें. नवांत ज्याच्याशीं बिनसलें तोच जेवतांना समोर येतो. तेथील एक निवृत्त कारकून व एक आजी यांच्यांत सायंकाळच्या मालिकेवरून असें वितुष्ट आलें होतें कीं, दोघांपैकीं एकाला आपल्या खोलींत जेवण न्यावें लागे. लहान घर कुटुंबासारखें असतें असें जाहिरातींत म्हणतात, तें अगदीं खरें आहे. कुटुंबांतील सर्व दुखणीं त्यांत असतात.

त्याहून गंभीर गोष्ट अशी कीं, लहान घराचा कायदा म्हणजे मालकाचा स्वभाव. या मालकीणबाई सज्जन व प्रेमळ आहेत. परंतु त्या घरांत मासे शिजत नाहींत, आणि वसईकडील एका ख्रिस्ती आजींना ते आठवड्यांतून एकदां मुलगी डब्यांतून आणून देते, तेहि बागेंत बसून खावे लागतात. आज मालकीणबाई सज्जन आहेत म्हणून प्रश्न माशांवर थांबला. उद्यां त्यांच्या जागीं दुसरें कोणी आलें, आणि रात्रींच्या एकट्या मावशीनें कोणावर हात उगारला, तर तें पाहणारा दुसरा डोळा त्या घरांत नाहीं. मोठ्या संस्थेंत माया कमी असते. पण साक्षीदार पुष्कळ असतात. ज्या वृद्धाला भेटावयास वारंवार कोणी येतें त्याच्यासाठीं लहान घर चांगलें. ज्याला कोणीच येत नाहीं त्याच्यासाठीं तें चांगलें आहे असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं.

आणि स्थैर्य? तो बंगला भाड्याचा आहे. करार अकरा महिन्यांचा. पुण्यांत आज कोणता जुना बंगला पुनर्विकासाला जाईल याचा नेम नाहीं. शेजारच्या दोन बंगल्यांच्या जागीं पत्रे लागलेले आम्हीं पाहिले. ज्यानें शेवटचें घर म्हणून येथें पाय टाकला त्याला ऐंशीव्या वर्षीं पुन्हा बोचकें बांधावें लागणार नाहीं, अशी हमी मालकीणबाईसुद्धां देऊं शकत नाहींत. प्रवेशपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक कलम होतें : रहिवासी अंथरुणास खिळल्यास, अथवा त्याची स्मृति फार बिघडल्यास, नातेवाइकांनीं त्यास घेऊन जावें. म्हणजे जेव्हां गरज सर्वांत अधिक, तेव्हां हें घर संपतें. या कलमाबद्दल आम्हीं विचारलें तेव्हां बाई प्रांजळपणें म्हणाल्या, "दोन मावश्यांत तें होत नाहीं, सर. हो म्हणून सांगितलं तर मी खोटं बोलेन." हा प्रांजळपणा आम्हांस आवडला, पण कलम आवडलें नाहीं.

पैशाविषयीं थोडक्यांत. महिना पस्तीस हजार रुपये, औषधें व डायपर निराळे. आमच्यासारख्या प्राध्यापकाला तें ओढाताणीनें परवडतें. आमच्याकडे वीस वर्षें धुणेंभांडीं केलेल्या बाईंना परवडण्याचा प्रश्नच नाहीं, आणि गंमत अशी कीं, त्या घरांत हातांनीं काम करणाऱ्या मावश्यांनाहि त्यांच्या म्हातारपणीं तेथें जागा मिळणार नाहीं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या आरंभीं वृद्ध केफलस सांगतो कीं, वार्धक्याचें दुःख वयांत नसून स्वभावांत असतें. त्यावर सॉक्रेटिस हळूच सुचवितो कीं, लोक म्हणतील, तुझें वार्धक्य सुसह्य आहे तें तूं श्रीमंत आहेस म्हणून. दोन हजारांहून अधिक वर्षें झालीं तरी तो प्रश्न तेथेंच आहे. २००७ च्या कायद्यानें मुलांकडून आईबापांना देवविण्याच्या निर्वाहाची कमाल मर्यादा महिना दहा हजार ठेवली होती, एवढ्यावरून काय तें वाचकांनीं समजावें.

हे सर्व जमाखर्च आम्ही एका कागदावर मांडून बसलों होतों. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. बंधूंना तो कागद पाठविला, पत्नीला दाखविला. तो ज्यांच्याविषयीं होता त्यांना मात्र दाखविला नव्हता. ही चूक आमच्या पत्नीनें दाखवून दिली, आणि म्हणून तिसऱ्या खेपेस मातुःश्रींना बरोबर नेलें. सारें घर त्यांनीं काठी टेकीत पाहिलें. कठडे, रबरी पायपुसणीं, खाटेशेजारची घंटा हें दाखवीत असतांना बाई पुढें आम्ही मागें असे चाललों होतों. न्हाणीघरापाशीं मातुःश्री थांबल्या व म्हणाल्या, "दाराला आंतून कडी नाहीं का?"

कडी मुद्दामच काढली होती. कोणी आंत पडलें तर दार फोडावें लागतें, असा अनुभव होता. कारण इतकें सबळ, कीं आम्ही मान डोलावली. मातुःश्री डोलावीनात. "मी सहा भावंडांच्या घरांत वाढलें, नंतर वाड्यांत राहिलें. कडी लावून बसायला मिळतं ती एकच जागा."

घरीं आल्यावर आम्हांस या विषयावर वाचलेलें आठवूं लागलें. प्राध्यापकाला नेहमीं उशिरा आठवतें. अमेरिकेंतील पोर्टलंड येथें १९८३ सालीं केरेन ब्राउन विल्सन या बाईंनीं अशा प्रकारचें पहिल्यांपैकीं एक निवासस्थान काढलें, त्याचें मूळ त्यांच्या आईच्या मागणींत होतें. ती शुश्रूषागृहांत अडकून पडली होती, आणि तिला हवें होतें तें एवढेंच कीं, स्वतःची लहानशी जागा असावी व दार आपल्याला लावतां यावें. त्याच्याहि आधीं, १९७६ सालीं, लँगर व रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनीं कनेटिकट येथील एका शुश्रूषागृहांतला प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितलें कीं, तुमच्या गोष्टी तुम्हीच ठरवा, आणि एकेक रोप देऊन त्याला पाणी घालणें त्यांच्याकडे सोंपविलें. दुसऱ्या मजल्यावर रोपें दिलीं, पण पाणी परिचारिका घालतील असें सांगितलें. थोड्याच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचीं माणसें अधिक तरतरीत दिसूं लागलीं. आम्ही हा प्रयोग वर्गांत शिकविला आहे. तो शिकवीत असतां आमच्या घरीं तुळशीला पाणी कोण घालतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें. पूर्वीं मातुःश्री घालीत. घसरल्यापासून त्यांना गॅलरींत जाऊं देत नव्हतों.

सुरक्षितपणा आम्हांस हवा असतो, कारण त्यानें आमची झोप सुखाची होते. वृद्धांस पुष्कळदां तो तितका नको असतो. पडण्याचा धोका पत्करून दार लावण्याचा हक्क मनुष्याला आहे कीं नाहीं, याचें उत्तर आम्ही स्वतःविषयीं क्षणांत देऊं. आईविषयीं देतांना आमची जीभ अडखळते. खुब्याचें हाड दुसऱ्यांदा मोडलें तर मातुःश्री कदाचित् उठणार नाहींत, हेंहि खरें आहे. आणि त्या वेळीं कडीचा हक्क आम्हीं मान्य केला होता, असें कोणास सांगणार? या ठिकाणीं आमचा कागद निरुपयोगी झाला. मालकीणबाईंना मात्र तत्त्वज्ञानाची अडचण पडली नाहीं. त्यांनीं सुताराकडून एका न्हाणीघराला अशी कडी बसवून घेतली कीं, ती आंतून लागते व वेळ पडल्यास बाहेरून नाण्यानें फिरवून उघडतां येते. मातुःश्रींनीं ती दोनदां लावून पाहिली. मग, "नाणं कोणाजवळ असतं?" असें विचारलें. रात्रींच्या मावशीजवळ, असें उत्तर मिळाल्यावर त्यांनीं त्या मावशीला बोलावून घेतलें आणि तिचें गांव, मुलें, नवरा काय करतो, सारें विचारून घेतलें.

निर्णय त्यांनींच सांगितला. "महिनाभर राहून बघतें. पण माझी खोली तशीच ठेवायची. तींत तुझीं पुस्तकं भरायचीं नाहींत." तुळशीची कुंडीहि त्यांनीं बरोबर नेली. बंधूंना हें कळविलें तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर पैसे पाठवूं का, असें त्यांनीं विचारलें.

या गोष्टीला आतां दोन महिने झाले. आम्ही बुधवारीं व रविवारीं जातों. पत्नी त्याखेरीज शनिवारीं एकटी जाते, आणि त्या दोघी काय बोलतात तें आम्हांस सांगत नाहीं. मालिकेवरून भांडणाऱ्या कारकुनांना मातुःश्रींनीं पत्त्यांत ओढलें आहे. तेथील आमटी त्यांना आवडत नाहीं. एका रात्रीं त्यांना घर आठवून रडूं आलें होतें, असें मावशीनें आम्हांस सांगितलें. त्यांनीं स्वतः सांगितलें नाहीं. तिसऱ्या महिन्याचें शुल्क भरावयाचें कीं नाहीं, हें येत्या रविवारीं त्यांनाच विचारावयाचें आहे. खोली तशीच आहे. आमचीं पुस्तकें जिन्याखालीं पेटाऱ्यांत आहेत.